पाणी वळण्याची वेळ

“नऊच्या आत उतरलो तर गुहेच्या तोंडातून येणारा उजेड आपल्याला चाळीस मिनिटे मिळतो,” मी म्हणालो. “साडेदहानंतर तो मिळत नाही. हा माझा अंदाज नाही. दोन वर्षांच्या नोंदी आहेत.”

प्रमिला तारी होडीच्या काठावर बसून पाण्याखाली घालायच्या मुखवट्याची काच पुसत होती. “नोंदी मीपण पाहिल्यात, काका. आज दहा वाजून वीस मिनिटांनी उतरायचं.”

“कारण?”

“कारण काही नाही. मला वाटतं म्हणून.”

“‘वाटतं’ हे कारण नव्हे.”

“मग कारणाशिवाय ऐका. दोन वर्षांत एकदा.”

सुकाणूपाशी बसलेला अंकल कालेओ मोठ्याने हसला. “प्रोफेसर, आज तू हरलास,” तो म्हणाला.

मी प्रोफेसर नव्हतो. हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावर, डोंगरमाथ्यावरच्या एका वेधशाळेत भिंगांची आणि आरशांची निगा राखण्यासाठी मला पुण्याहून चार वर्षांच्या करारावर नेमले होते. कालेओ हा तिथला मूळ रहिवासी, साठी उलटलेला होडीवाला. दोन वाक्यांहून अधिक बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला तो प्रोफेसर म्हणे. त्याचे इंग्रजी मोडके आणि नेमके होते. त्याचे बोलणे मी इथे मराठीत देतो आहे.

मी वादप्रिय आहे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. वाचलेल्या पुस्तकात चूक आढळली, की लेखकाला पोस्टकार्ड पाठवून ती कळवण्याची सवय मला विद्यार्थिदशेपासून आहे. मराठी गद्य पूर्वी ज्या नेटकेपणाने लिहिले जाई, त्या नेटकेपणाने मी पत्रे लिहितो, आणि बोलतोही तसाच, असे लोक म्हणतात. त्या काळी कोणाशीही झालेल्या वादात शेवटचे वाक्य माझे असे. ते बरोबर असेच असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. १९९६ सालचा एप्रिल महिना होता.

प्रमिला त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती. मालवणजवळच्या एका खेड्यात तिच्या वडिलांची रापण होती. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या त्या माणसाच्या मुलीने मुंबईत पदवी मिळवली आणि शिष्यवृत्तीवर ती शार्कांचा अभ्यास करायला इथे आली. “आमच्या घरात मोरीचं, म्हणजे शार्काचं, मटण व्हायचं,” ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. “आता तिचीच राखण करायला आलेय. आज्जीला कळलं तर ती म्हणेल, पोरगी बिघडली.” मला पाण्याखाली छायाचित्रे काढण्याचा छंद होता आणि तिला छायाचित्रकार हवा होता. एवढ्यावर आमचे जमले.

अभ्यासाचा विषय सोपा होता. किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, पाण्याखाली चाळीस फुटांवर, लाव्हाने घडवलेली एक गुहा आहे. ती बोगद्यासारखी दोन्ही तोंडांनी उघडी आहे. पांढऱ्या टोकाच्या परांचे शार्क रात्री शिकार करतात आणि दिवसा तिच्या तळाशी, भिंतीला अंग लावून, पडून राहतात. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलला त्या गुहेत रोज वीस पर्यटक उतरवायचे होते. त्यासाठी लागणाऱ्या परवानगीवर मे महिन्यात सुनावणी होती. प्रश्न एकच होता: तेच शार्क वर्षानुवर्षे इथे राहतात, की वाटेने जाणारे घटकाभर थांबतात? राहत असतील तर परवानगी मिळणार नव्हती. प्रमिलाचा प्रबंध सुनावणीपुढे ठेवला जाणार होता आणि तो पुरा करायला तिच्यापाशी तीन आठवडे उरले होते. शिष्यवृत्तीही तेव्हाच संपत होती.

या जातीच्या शार्काच्या कुशीवर करडे ठिपके असतात आणि प्रत्येकाचे ठिपके निराळे असतात. त्यांवरून ओळख पटवायची, ही पद्धत. सुरुवातीला प्रमिलाचा आग्रह होता, की प्रत्येकाच्या दोन्ही कुशींची छायाचित्रे घ्यावीत. मी तो मोडून काढला. कॅमेऱ्यात छत्तीस फ्रेमचे एकच रीळ मावे आणि ते पाण्याखाली बदलता येत नसे. दुसरी कूस पाहायची तर निजलेल्या शार्काला हुसकावावे लागे. शिवाय एका मत्स्यालयातल्या शार्काच्या दोन्ही बाजू मी तपासल्या होत्या. त्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळत होत्या. यावर मी अकरा पानांचे एक टिपण लिहिले. प्रमिलाच्या मार्गदर्शकांनी ते वाचून कळवले, की इतके स्वच्छ लिहिलेले टिपण त्यांनी क्वचितच पाहिले आहे. प्रमिला एवढेच म्हणाली, “एकाच माशावरून, काका?” त्यावर मी तिला अर्धा तास उत्तर दिले. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

पहिल्या वर्षी नऊ शार्क सापडले. मी त्यांना नक्षत्रांची नावे दिली: अश्विनीपासून आश्लेषेपर्यंत. नर कोण आणि मादी कोण याचा विचार मी केला नाही. दुसऱ्या वर्षी आठ सापडले आणि त्यांतला एकही पहिल्या नऊंशी जुळला नाही. म्हणून मघेपासून अनुराधेपर्यंत आठ नवी नावे पडली. प्रत्येकाचे एक कार्ड होते. त्यावर ठिपक्यांची आकृती मी हाताने काढली होती. ती सतराही कार्डे मला तोंडपाठ होती. एका वर्षीचे शार्क पुढच्या वर्षी परतत नाहीत, हा निष्कर्ष उघड होता. “ही गुहा घर नव्हे, धर्मशाळा आहे,” हे प्रबंधातले वाक्य माझे.

कालेओला ते वाक्य मी इंग्रजीत वाचून दाखवले होते. तो म्हणाला, “घर आहे ते. मागच्या कोनाड्यातली म्हातारी, पाठीच्या पराला खाच असलेली, ती माझ्या बापाच्या वेळेपासून तिथेच आहे.”

“किती शार्क आहेत एकूण?” मी विचारले होते.

“आमच्या घरात त्यांना मोजत नाहीत. तुझ्या घरी जेवायला बसलेली माणसं तू मोजतोस?”

मोजमाप नाकारणाऱ्या साक्षीदाराचे काय करायचे, असे मी प्रमिलाला मराठीत म्हणालो. पराच्या खाचेविषयी माझे मत ठरलेले होते: पर फाटतात, भरून येतात, म्हणून ते पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. तरीही रोहिणीच्या कार्डावर आणि पुढे चित्रेच्या कार्डावर “पाठीवरच्या पराला खाच” ही नोंद मी प्रामाणिकपणे केली होती. नोंद करण्यात मी कधी कुचराई केली नाही.

आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी उतरलो.

“शेवटच्या सहा फ्रेम राखून ठेवा,” उडी घेण्यापूर्वी प्रमिला म्हणाली.

“कशासाठी?”

“माझ्यासाठी.”

“तू आज फार गूढ बोलतेस.”

“तुमच्याशी सरळ बोलून कोण जिंकलंय?” तिने मुखवटा चढवला.

मी म्हटले होते तसेच झाले, गुहेत उजेड नव्हता. प्रमिलाच्या हातातला दिवा होता तेवढाच. पाणी सावकाश आमच्या तोंडावर येत होते. भरती शेवटच्या टप्प्यात होती. सात शार्क भिंतीकडेला ओळीने पडले होते. सर्वांची तोंडे प्रवाहाकडे होती. डोळे उघडे, कल्ले संथपणे हलणारे. ठिपके वाचायला न थांबता मी एकेकाची छायाचित्रे घेत पुढे सरकलो. मागच्या कोनाड्यात रोहिणी होती. कल्ल्यांमागे एका रेषेत तीन ठिपके, त्यांखाली एक मोठा. मला ओळखायला क्षणही लागला नाही. ती दोन वर्षांपूर्वीची होती. पहिल्या वर्षीच्या नऊंपैकी. मागच्या वर्षी ती एकदाही दिसली नव्हती. एक शार्क परतला होता. एक अपवाद, मी मनात म्हटले; तळटीप द्यावी लागेल. मी तिच्या तीन फ्रेम घेतल्या. तीस झाल्या होत्या.

मी परतण्याची खूण केली. प्रमिलाने मान हलवली आणि पाटीवर पेन्सिलीने लिहिले: थांबा.

आम्ही तळाशी गुडघे टेकून थांबलो. पाच मिनिटे गेली असतील. माझ्या हवेचा काटा मी दोनदा पाहिला. मग पाणी थांबले. तोंडासमोरून वाहत असलेले रेतीचे कण जागच्या जागी तरंगू लागले. पहिल्यांदा दाराजवळचा शार्क उठला, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारून पुन्हा आपल्या जागी आला. त्यानंतर त्याच्या पलीकडचा. घाई कोणालाच नव्हती. रेतीचे कण आता उलट दिशेने सरकू लागले होते. शेवटी रोहिणी उठली. मी तिच्यावरची नजर काढली नाही. कोनाडा एका माणसाला आडवे होता येईल इतकाच होता आणि त्यात दुसरा शार्क नव्हता. ती उठली, वळली आणि त्याच खळग्यात, उलट दिशेला तोंड करून, पुन्हा बसली. ओहोटी लागली होती.

प्रमिलाने दिवा तिच्या कुशीवर धरला.

पाच ठिपके, वाकवलेल्या धनुष्यासारखे. शेपटीजवळ एक सुटा. पाठीवरच्या पराला खाच. ती चित्रा होती.

हिशेब समजायला वेळ लागला नाही. पहिल्या वर्षी आम्ही नेहमी भरतीच्या पाण्यात उतरत होतो. दुसऱ्या वर्षी होडी बांधण्याची जागा बदलली आणि तिथून सोयीचे म्हणून आम्ही नेहमी ओहोटीत उतरू लागलो. भरतीला शार्कांची डावी कूस आमच्याकडे असे, ओहोटीला उजवी. दोन्ही कुशी सारख्या नसतील, तर सतरा कार्डे म्हणजे सतरा शार्क नव्हते. गुहा धर्मशाळा नव्हती.

माझ्या बोटाने कळ दाबली. एकदा, दोनदा, सहा वेळा. ते सवयीने झाले. त्यात माझा काही निर्णय होता असे मी म्हणणार नाही. प्रमिला शार्काकडे पाहत नव्हती. मुखवट्याच्या काचेतून ती माझ्याकडे पाहत होती. दिवा तिच्या हातात जराही हलला नाही.

वर येताना पंधरा फुटांवर दोराला धरून तीन मिनिटे थांबावे लागते. त्या तीन मिनिटांत मी चार युक्तिवाद तयार केले. दिवा एकाच बाजूने पडला होता. पाण्यात गाळ उठला होता. नजरेची साक्ष ही साक्षच नव्हे. आणि एका शार्कावरून सर्वांविषयी अनुमान काढणे तर्काला धरून नाही. हा चौथा युक्तिवाद सर्वांत भक्कम होता. दोन वर्षांपूर्वी तोच प्रमिलाने माझ्याविरुद्ध एका वाक्यात मांडला होता, हे मला तेव्हा आठवले नाही.

होडीत चढल्यावर तिने मला थर्मासमधला चहा दिला. केसांतले पाणी पिळत तिने विचारले, “काका, शेवटी काय मिळालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “गाळ उठला. शेवटच्या फ्रेम फुकट गेल्या.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

“आणि दिसलं काय?”

“दिसण्यासारखं काही नव्हतं. रोहिणी परत आलेली दिसली, एवढंच. त्याची तळटीप देऊ.”

तिने केस मागे बांधले. मग म्हणाली, “बरां.” माझ्याशी ती कधी मालवणीत बोलत नसे.

कालेओने यंत्र सुरू केले. होडी वळवता वळवता तो म्हणाला, “मग, वळले ना सगळे? माझा बाप म्हणायचा, पाणी वळलं की म्हातारी माणसं कूस बदलतात. ही पोरगी दोन महिने माझ्यामागे लागली होती, भरती नक्की किती वाजता संपते म्हणून. छापलेल्या वेळा चालत नव्हत्या तिला. गुहेतल्या हव्या होत्या.”

“अंकल, गप बसा,” प्रमिला म्हणाली.

“का? प्रोफेसरला सांगितलं नाहीस?”

बंदर तिथून चाळीस मिनिटांवर होते. त्या चाळीस मिनिटांत मी बोलत होतो. गाळ का उठतो, तो फ्लॅशच्या उजेडात कसा चकाकतो, त्यामुळे ठिपक्यांचा आकार कसा फसवा दिसतो, हे मी क्रमाने सांगितले. वाक्ये चांगली जमत होती. प्रमिला ऐकत होती. मधे एकदा तिने विचारले, “अजून काही सांगायचंय, काका?” मी म्हणालो, “मुद्दा एवढाच आहे.” तिने मान हलवली.

ती दोन महिने हे जाणून होती. मला सांगितले असते, तर मी तिला पुन्हा अर्धा तास उत्तर दिले असते. म्हणून तिने मला तिथे नेऊन बसवले, दिवा धरला आणि वाट पाहिली. मी स्वतः म्हणावे, एवढीच तिची अपेक्षा असावी. कार्डे माझी होती, टिपण माझे होते.

बंदर दिसू लागले तेव्हा मी कॅमेरा त्याच्या जलाभेद्य पेटीतून काढून मांडीवर घेतला आणि पंच्याने पुसू लागलो. रीळ अजून मागे गुंडाळले नव्हते. अशा वेळी कॅमेऱ्याचे मागचे झाकण क्षणभर उघडले, तर सर्वांत वरच्या वेढ्यातल्या फ्रेम जळतात, म्हणजे नेमक्या शेवटच्या. आतल्या बहुतेक सुरक्षित राहतात. ओल्या हाताने झाकण सटकणे ही कोणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे. माझा अंगठा खटक्यावर होता.

प्रमिलाने ते पाहिले. पाहिले आणि माझ्याकडे पाठ करून ती दोर गोळा करू लागली. दोर आधीच गोळा केलेला होता. तिने तो सोडला आणि पुन्हा गोळा केला.

मी झाकण उघडले नाही. का उघडले नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिने हटकले असते, तर मी बहुधा उघडले असते. वाद घालायला समोर कोणी नव्हते. मी रीळ गुंडाळले, बाहेर काढले आणि डबीत घातले.

धक्क्याला लागल्यावर तिने हात पुढे केला. “द्या. मी धुवायला टाकते.”

“त्यात काही नाही, प्रमिला.”

“असू दे. छत्तीसच्या छत्तीस पाहायची सवय तुम्हीच लावलीत.”

मी डबी तिच्या हातावर ठेवली. तिने ती खिशात घातली, कालेओला हात केला आणि ती चालू लागली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी फोन केला नाही. तीन आठवड्यांनी प्रबंध दाखल झाला नाही, हे मला कालेओकडून कळले. सुनावणी पुढे ढकलली गेली. शिष्यवृत्ती थांबल्यावर प्रमिला त्याच्याच होडीवर हवेच्या टाक्या भरण्याचे आणि होडी धुण्याचे काम करत होती. “ती तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही,” कालेओ म्हणाला. “मी बोलतो. ती बोलू देत नाही.”

त्याच वर्षाच्या अखेरीस माझा करार संपला आणि मी पुण्याला परतलो.

दीड वर्षानंतर टपालाने एक जाड पाकीट आले. आत बांधीव प्रबंध होता. सोबत पत्र नव्हते. मी तो माझ्या पद्धतीने वाचला: हातात पेन्सिल घेऊन, एका बैठकीत वीस पाने. नवी छायाचित्रे दोन्ही कुशींची होती. सतरा शार्कांचे नऊ झाले होते. आठही जोड्या जुळल्या होत्या. एकटी आश्लेषा परतली नव्हती. गुहेचे दार पर्यटकांना बंद व्हावे, अशी शिफारस होती, आणि ती मान्य झाल्याचे एक कात्रण शेवटच्या पानाला टाचलेले होते. आकडे बरोबर होते. संदर्भ बरोबर होते. धर्मशाळेचे वाक्य गाळलेले होते.

एकसष्टाव्या पानावर दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. एकात कल्ल्यांमागे तीन ठिपके आणि खाली एक मोठा. दुसऱ्यात धनुष्य. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. गाळाचा कण नव्हता. माझ्या हातून त्याहून चांगले छायाचित्र त्यापूर्वी उतरले नव्हते आणि त्यानंतरही नाही. खाली बारीक अक्षरांत छापले होते: छायाचित्रे, त्र्यंबक निसळ. त्याखाली आणखी एक ओळ होती: दोन्ही कुशी एकाच शार्काच्या आहेत हे प्रथम लक्षात आणून दिले, त्र्यंबक निसळ.

दोनशे चौदा पानांत मला तेवढी एकच चूक सापडली. पोस्टकार्ड मी त्याच दिवशी काढून ठेवले होते. पत्ता तेवढा लिहून झाला आहे.